पानिपतचा डाव कोठून मांडावा?

इतिहासाचे पुस्तक वाचण्याच्या अनेक तऱ्हा आहेत. कोणी ते स्फूर्तीसाठी वाचतो, कोणी परीक्षेसाठी, तर कोणी आपल्या घराण्याचा उल्लेख कोठे सापडतो काय म्हणून मागची सूची तेवढी चाळतो. आमची तऱ्हा थोडी निराळी आहे. आम्ही युद्धाचा इतिहास वाचतो तो पट मांडण्यासाठी. मोठ्या कागदावर रणभूमीचा नकाशा काढावयाचा, त्यावर षट्कोनी घरे आखावयाची, पुठ्ठ्याच्या सोंगट्यांवर पथकांची नावे लिहावयाची, फासे घ्यावयाचे, आणि दोन पक्षांनी समोरासमोर बसून घडून गेलेली लढाई पुन्हा एकदा लढावयाची, असा हा उद्योग आहे. दिवसभर सरकारी टिपणे लिहून थकलेल्या, घरादारापासून दूर बदलीच्या गावी राहणाऱ्या आम्हां चार-पाच मराठी मंडळींना रविवारची दुपार घालविण्यास तो पत्त्यांपेक्षा बरा वाटतो. तथापि त्याविषयी येथे लिहावयाचे ते करमणूक म्हणून नव्हे. असा पट मांडावयास बसले म्हणजे इतिहासाच्या पुस्तकास काही असे प्रश्न विचारावे लागतात, की जे साधा वाचक कधी विचारीत नाही. आणि पानिपतासारख्या विषयात तर त्या प्रश्नांनी आपली जन्मभराची समजूत हलते. ते प्रश्न कोणते, हे सांगणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम या खेळाची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे. युद्धाचे सोंग पटावर आणण्याची कल्पना आपल्या देशास नवी नाही. चतुरंग हे नावच हत्ती, घोडे, रथ व पायदळ या चार अंगांवरून पडले. परंतु प्रत्यक्ष नकाशावर, प्रत्यक्ष सैन्याच्या गतीने खेळावयाचा युद्धखेळ प्रशियात जन्मास आला. बॅरन फॉन राइसविट्झ नावाच्या एका मुलकी अधिकाऱ्याने १८१२ साली तो राजापुढे मांडला आणि त्याच्या लष्करात असलेल्या मुलाने १८२४ साली त्यास पक्के नियम दिले. नकाशाचे प्रमाण १ : ८०००, प्रत्येक खेळी म्हणजे प्रत्यक्षातील दोन मिनिटे, दोन पक्ष आणि मध्ये एक पंच. सेनाप्रमुख म्युफलिंग प्रथम काहीशा अनिच्छेनेच खेळ पाहावयास आला म्हणतात. पण पाहून झाल्यावर त्याने सर्व सैन्यास त्याची शिफारस केली. पुढे १९१३ साली इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने खेळण्यातल्या शिपायांचे नियम पुस्तकरूपाने छापले, आणि १९५८ साली अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स याने गेटिसबर्गच्या प्रत्यक्ष लढाईवरचा खेळ पेटीत घालून विकावयास आणला. या खेळाचा मूळ पुरुष आमच्यासारखाच एक कागदी घोडे नाचविणारा माणूस होता, ही गोष्ट आम्हांस फार समाधान देते.

आता पट मांडावयास घेऊ. विषय अर्थातच पानिपत : पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार, १४ जानेवारी १७६१. दिल्लीहून सुमारे ९० किलोमीटरांवर असलेली ही भूमी उत्तरेत नोकरीस आलेला मराठी माणूस एकदा तरी पाहून येतोच. साधनेही मुबलक आहेत. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताची फारसी हकीकत, भाऊसाहेबांची बखर आणि कैफियत, स्वतः रणातून निसटलेल्या नाना फडणिसांचे आत्मवृत्त, राजवाड्यांनी १८९८ साली पहिल्या खंडात छापलेली पत्रे, जदुनाथ सरकारांच्या ग्रंथाचा १९३४ चा दुसरा खंड, आणि शेजवलकरांचे पानिपत, जे १९४६ साली इंग्रजीत व १९६१ साली मराठीत प्रसिद्ध झाले. एवढी सामग्री हाताशी असता खेळ मांडणे सोपे असावे, असे कोणासही वाटेल.

पण पहिल्याच पायरीवर पाय अडखळतो. सोंगट्या किती कापावयाच्या? काशिराज मराठ्यांचे ५५,००० स्वार व १५,००० पायदळ सांगतो आणि अब्दालीचे ४१,८०० स्वार व ३८,००० पायदळ. सरकार सर्व हिशोब तपासून अब्दालीकडे ६०,००० व मराठ्यांकडे ४५,००० लढाऊ माणसे धरतात. वाचणारा माणूस हे दोन्ही आकडे वाचून पुढचे पान उलटतो. त्याचे काही बिघडत नाही. पट मांडणाऱ्यास मात्र पान उलटता येत नाही. काशिराज लढाईनंतर सुमारे वीस वर्षांनी लिहीत होता, आणि तोही शत्रूच्या छावणीतून पाहिलेले. बखरकार तर आकड्यांच्या बाबतीत नेहमीच उदार. शिवाय आकडा कोणाचा? नुसत्या लढणाऱ्यांचा, की यात्रेकरू, बायकामुले, बाजारबुणगे या सर्वांसह छावणीचा? स्वार किती होते हे कळले, तरी १४ जानेवारीला त्यांतल्या किती घोड्यांत दौड करण्याचे त्राण उरले होते, हा प्रश्न उरतोच. कचेरीत ज्यांनी हजेरीपट हाताळला आहे त्यांस मंजूर जागा आणि हजर माणसे यांतला भेद समजावून सांगावयास नको. पानिपतावरही मंजूर फौज एक होती आणि हजर फौज दुसरी.

दुसरा प्रश्न भूमीचा. यमुनेचे पात्र गेल्या अडीच शतकांत सरकले आहे. आजच्या नकाशावरून पट काढला तर नदी चुकीच्या घरांत पडते. नकाशा काढताना जी गोष्ट बोटाखाली येते, ती शंभर पाने वाचूनही कदाचित डोळ्यांत भरणार नाही. दक्षिणेतून आलेल्या मराठ्यांची तोंडे दक्षिणेकडे होती, आणि वायव्येकडून आलेल्या अब्दालीची उत्तरेकडे. प्रत्येकजण आपल्या घराकडे तोंड करून उभा होता, आणि प्रत्येकाच्या घराच्या वाटेवर दुसऱ्याचे सैन्य होते. मात्र अब्दालीच्या पाठीशी दिल्ली, दुआब आणि नजीबखानाचा रोहिलखंड होता. मराठ्यांच्या पाठीशी परका मुलूख. सोंगट्या पटावर ठेवल्या की हे चित्र एका दृष्टीत दिसते.

तिसरा प्रश्न वेळेचा. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंतचा रणाचा मुख्य भर धरला आणि एक खेळी अर्ध्या तासाची मानली, तर सगळे पानिपत बारा खेळ्यांत आटोपते. या बारा खेळ्यांत तोफा किती सरकतील? मराठ्यांच्या जड तोफा एकदा रोवल्या की त्या जागच्या हलणे कठीण. उलट अफगाणांची हलकी जंबुरके उंटांच्या पाठीवर बसून लढाईबरोबर पुढे जात होती. तेव्हा नियम असा करावा लागतो की मराठ्यांची तोफ पहिल्या खेळ्यांत भारी, पण फौज पुढे सरकली की मागे पडून निरुपयोगी. जंबुरक दुर्बळ, पण शेवटपर्यंत उपयोगी. डाव्या बाजूस इब्राहिमखान गारदी आपल्या कवायती पलटणी घेऊन रोहिल्यांवर चालून जातो आणि त्यांची दाणादाण उडवितो. परंतु त्याच्या बाजूस असलेले विंचूरकर व गायकवाड यांचे स्वार कवायतीच्या शिस्तीत उभे राहण्यास सरावलेले नव्हते. ते पुढे धावले म्हणजे गारद्यांच्या बंदुकांपुढे आपलीच माणसे येतात. कवायती पायदळ आणि गनिमी काव्यात वाढलेले घोडदळ ही दोन निरनिराळ्या युद्धपद्धतींची माणसे एका रांगेत उभी करणे ही गोष्ट ग्रंथांत एका वाक्यात येते; पटावर मात्र तिच्यासाठी स्वतंत्र नियम करावा लागतो, आणि तो नियम मराठी खेळाडूस प्रत्येक खेळीला बोचतो.

चौथा प्रश्न सर्वांत नाजूक. खेळाडूस काय माहीत असावे? बुद्धिबळात दोघांनाही सारा पट दिसतो. युद्धात तसे नसते, आणि म्हणूनच प्रशियन खेळात पंच ठेवला होता. दोन्ही पक्षांस आपापलेच सैन्य दिसे आणि शत्रूची बातमी पंच देईल तेवढीच. याचे उत्तम उदाहरण आपल्याच मुलखातील आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील असई येथे वेलस्ली सुमारे ४,५०० माणसे घेऊन शिंदे-भोसल्यांच्या प्रचंड सेनेपुढे आला. वाटाड्यांनी सांगितले की कैतना नदीस जवळपास उतार नाही. पण दोन तीरांवर दोन गावे समोरासमोर पाहून त्याने तर्क केला की एवढ्या जवळच्या गावांत ये-जा करण्यास उतार असलाच पाहिजे. आणि तो होता. आता ज्या नकाशावर तो उतार निळ्या शाईने आधीच दाखविला आहे, त्या नकाशावर असई खेळण्यात काय अर्थ? तेथे खेळाडू वेलस्लीची बुद्धी न वापरता वेलस्लीचा लाभ मिळवितो. इतिहासाचे पुस्तक वाचणारा प्रत्येकजण नेमके हेच करीत असतो. पुढचे पान आपणांस ठाऊक असते, म्हणून भाऊसाहेबांच्या चुका आपणांस इतक्या सहज दिसतात.

पाचवा प्रश्न, जिंकणे म्हणजे काय? बुद्धिबळात राजा अडकला की डाव संपतो. पानिपतावर भाऊंचे साध्य काय होते? अब्दालीचे सैन्य नष्ट करणे हे साध्य मानले तर डाव एक होतो. परंतु बखरीतून आणि शेजवलकरांच्या मांडणीतून जो ‘गोल’ पुढे येतो, म्हणजे बायकामुले व बुणगे मध्ये घेऊन चोहोबाजूंनी लढत दिल्लीच्या रोखाने बाहेर पडण्याचा बेत, तो खरा धरला तर डाव अगदीच निराळा होतो. तेथे अब्दालीच्या किती सोंगट्या मारल्या यास किंमत नाही. आपल्या किती सोंगट्या पटाच्या दक्षिण कडेस पोचल्या यास किंमत आहे. दोन इतिहासकारांमधला मतभेद पुस्तकात तळटिपेत राहू शकतो. पटावर तो जयापजयाचा नियमच होऊन बसतो, आणि मांडणाऱ्यास त्यांतली एक बाजू पत्करावीच लागते.

या पाच प्रश्नांची उत्तरे कशीबशी देऊन आम्ही १४ जानेवारीच्या सकाळचा डाव मांडला आणि तो अनेक रविवार खेळून पाहिला. डाव चुरशीचा होई. गारदी रोहिल्यांस रेटीत, हुजुरात वजिराचे मध्य फोडी, आणि दुपारपर्यंत मराठी खेळाडूचा चेहरा फुलून येई. मग अब्दालीकडे बसलेला खेळाडू आपली राखीव पथके बाहेर काढी. मराठ्यांकडे राखीव असे काही नसेच. काशिराजाच्या हकीकतीत अब्दालीचे नसक्ची छावणीत परतलेल्या माणसांस हाकून पुन्हा रणात पाठवितात, ती गोष्ट येथे डोळ्यांपुढे उभी राही. आणि या सर्वांवर आमचा उपासमारीचा नियम होता. मराठ्यांच्या प्रत्येक पथकाची शक्ती आठव्या खेळीनंतर आपोआप उतरे. मराठी बाजू क्वचित जिंके, बहुधा हरे. खेळून उठताना जो तो म्हणे की डाव चांगला आहे, पण अन्यायाचा आहे. हात बांधलेल्या माणसास कुस्तीला उतरविल्यासारखे वाटते.

तेव्हा आम्ही विचार केला की हात बांधले केव्हा गेले? उपासमारीचा नियम आम्ही डावाच्या आरंभीच लिहून ठेवला होता. पण इतिहासात तो कोणत्या दिवशी लिहिला गेला? म्हणून दुसरा पट मांडला. त्याचा आरंभ २५ ऑक्टोबर १७६०. भाऊसाहेबांनी १७ ऑक्टोबरला कर्नालजवळचे कुंजपुरा घेतले आहे. तेथे धान्य व द्रव्य हाती लागले आहे. यमुनेचा पावसाळी पूर ओसरत आहे. आणि खाली दक्षिणेस, दिल्लीच्या उत्तरेला बागपताजवळ अब्दाली नदीच्या काठी उभा आहे. त्या दोन दिवसांत तो माणसे वाहून जाण्याची पर्वा न करता नदी उतरतो आणि मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येतो. या पटावर खेळी आठवड्याची. त्या दिवसापासून लढाईपर्यंत ८१ दिवस, म्हणजे सुमारे बारा खेळ्या. विलक्षण योगायोग असा की दोन्ही डाव बारा खेळ्यांचे झाले. एक तासांचा, एक आठवड्यांचा.

या दुसऱ्या डावात आमच्या कारकुनी विद्येला वाव मिळाला. छावणीत बुणग्यांसह एक लाख तोंडे धरली आणि माणशी रोज एक शेर धान्य धरले, तर रोज एक लाख शेर, म्हणजे २,५०० मण लागतात. बैलाच्या पाठीवर तीन मण लादले तर रोज ८०० हून अधिक बैल छावणीत आले पाहिजेत. ८१ दिवसांचे होतात २,०२,५०० मण. यात घोड्यांचा दाणा नाही, वैरण नाही, तोफांचे बैल नाहीत. हे आकडे केवळ आमच्या हिशोबाचे आहेत, कोणत्याही दप्तरातले नव्हेत. पण असा हिशोब कोणी तरी त्या छावणीतही रोज मांडीत असला पाहिजे, आणि रोज संध्याकाळी त्याची जमेची बाजू लहान होत गेली असली पाहिजे. ऑगस्टमध्ये दिल्लीच्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून नाणी पाडावी लागली होती, एवढ्यावरून तिजोरीची कळा समजते. ७ डिसेंबरच्या झटापटीत बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात दुआबात रसद तोडण्याच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले. बुंदेल्यांची सोंगटी आमच्या पटावर सर्वांत लहान होती, लढण्याची शक्ती जवळजवळ शून्य. पण ती उचलली गेली की अब्दालीची रसद निर्धास्त होई. मराठी खेळाडूस तिची किंमत ती गेल्यावर कळे.

या डावात अब्दालीच्या बाजूस बसलेल्या आमच्या एका स्नेह्याने काहीच केले नाही. खेळीमागून खेळी तो नुसता ‘थांबतो’ म्हणे. समोरचा चिडे, आव्हान देई, चकमकी करी. हा आपला स्वस्थ. सहाव्या-सातव्या खेळीनंतर समोरच्याचे लक्षात येई की काळ दोघांचा सारखा नाही. तो एकाच्या पगारावर आहे. भाऊसाहेब नोव्हेंबरच्या आरंभी का लढले नाहीत, हा प्रश्न आपण पुस्तकात वाचतो तेव्हा तो वादाचा मुद्दा असतो. पटावर तो अंगाशी येतो. खंदक, तोफा आणि ताज्या दमाची फौज हाताशी असताना चाल करून जाण्यापेक्षा शत्रूने येऊन तोफांवर आदळावे, ही इच्छा इतकी स्वाभाविक आहे की आमच्यापैकी प्रत्येकाने मराठी बाजूने खेळताना पहिल्या तीन खेळ्या थांबण्यातच घालविल्या. भाऊंनी जे केले ते वेडेपणाने केले नाही, हे असे कळते. आणि ते चुकीचे होते, हेही त्याच वेळी कळते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे शिकविणारे पुस्तक आम्हांस अजून भेटलेले नाही.

यापुढे तिसरा पट ओघानेच आला. मार्च १७६०, परतूर. उदगीरच्या विजयानंतर भाऊसाहेब उत्तरेस निघतात. हजार किलोमीटरांहून अधिक लांबीची ही वाट, बरोबर जड तोफा, गारद्यांच्या पलटणी, आणि तीर्थयात्रेच्या आशेने निघालेला मोठा कुटुंबकबिला. येथे खेळी महिन्याची, आणि पटावर शत्रू जवळजवळ नाहीच. प्रश्न असतात ते असे : कबिला बरोबर न्यावयाचा की चंबळेअलीकडे ठेवावयाचा? तोफांसाठी वेग सोडावयाचा की वेगासाठी तोफा? शुजाला वळविण्यास किती द्रव्य ठेवावयाचे? सूरजमल जाटाचे म्हणणे किती ऐकावयाचे? शुजा जुलैमध्ये अब्दालीस मिळाला आणि सूरजमल दिल्लीहून निघून गेला, हे दोन्ही डाव तलवार न उचलता हरले गेले होते. या तिसऱ्या पटावर फासा क्वचितच टाकावा लागतो. आणि तरीही तीन पटांपैकी ज्यावर मराठी बाजूस जिंकण्याची सर्वांत अधिक संधी मिळते तो हाच, असा आमचा अनुभव आहे. पहिल्या पटावर मराठ्यांजवळ शौर्य आहे पण पर्याय नाहीत. दुसऱ्यावर पर्याय आहेत पण वेळ नाही. तिसऱ्यावर दोन्ही आहेत. नाही ती केवळ संकटाची जाणीव.

येथेच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. डाव कोठून मांडावयाचा, हा खेळाच्या सोयीचा प्रश्न नाही. तो इतिहासाचा निवाडा आहे. जो १४ जानेवारीच्या सकाळी पट मांडतो, तो नकळत म्हणत असतो की पानिपत त्या दिवशी हरले. मग त्याची सारी चर्चा होळकर निघून का गेले आणि विश्वासरावांस गोळी का लागली यांभोवती फिरते. जो बागपतच्या उतारापाशी मांडतो, त्याचा विषय पहारे, बातमी आणि रसद हा होतो. जो परतूरला मांडतो, त्याचा विषय धोरण. आपल्याकडे बहुतेक व्याख्याने, नाटके आणि गप्पा पहिल्या पटावरच होतात, कारण तेथे वीररस आहे. धान्याच्या हिशोबाला वीररस नसतो.

एकदा आमच्यातील वयाने वडील असे एक स्नेही फासे हातात घेऊन थांबले आणि म्हणाले, “अहो, तुमचे सगळे नियम मला मान्य आहेत. पण विश्वासरावांच्या गोळीचा नियम तेवढा काढून टाका. एवढी वर्षे झाली, एकदा तरी त्यांना वाचू द्या.” कोणी हसले नाही. मराठी माणूस पानिपताशी कोणत्या नात्याने बांधलेला आहे हे त्या एका वाक्यात होते, आणि त्याचे उत्तर देणे आम्हांस भाग होते.

आमचा नियम असा होता : सेनानायक आघाडीस असेल त्या प्रत्येक खेळीला दोन फासे टाकावे, दोन्हींवर सहा पडले तर तो पडला. म्हणजे एका खेळीत ३६ पैकी एक शक्यता. फार अल्प. परंतु बारा खेळ्या तो आघाडीस राहिला तर हीच शक्यता वाढत जाऊन शंभरात सुमारे २९ होते. दर दहा डावांत तीन डाव विश्वासराव पडतात. दुपारी दोन वाजून गेल्यावर लागलेली ती गोळी आपण आजवर दैवाच्या खात्यावर लिहीत आलो. फासा हाती घेतल्यावर दिसते की दैवाचा भाग गोळी कोणत्या क्षणी लागली एवढाच. सर्वांना दिसेल अशा जागी पेशव्यांचा मुलगा सबंध दिवस उभा होता, आणि तो पडताच सैन्याचा धीर सावरावयास मागे एकही ताजे पथक नव्हते, ही व्यवस्था होती. फासा म्हणजे दैव नव्हे. आपणांस जे ठरविता येत नाही त्याची मर्यादा तो दाखवितो, आणि मर्यादेच्या अलीकडचे सारे आपल्या अंगावर टाकतो.

नियम मोडून आपल्या बाजूस वाचविण्याने काय होते, याचा दाखला दूरच्या समुद्रावरचा आहे. मे १९४२ मध्ये मिडवेच्या मोहिमेपूर्वी जपानी आरमाराने ‘यामातो’ या युद्धनौकेवर त्या मोहिमेचा खेळ मांडला. त्यात अमेरिकी विमानांचे नऊ बॉम्ब लागून ‘अकागी’ व ‘कागा’ ही दोन विमानवाहू जहाजे बुडाल्याचा निर्णय पंचाने फाशांवरून दिला. तेव्हा प्रमुख पंच असलेल्या ॲडमिरल उगाकी याने नवांचे तीन केले, आणि ‘अकागी’ पाण्यावर राहिली. पुढच्या डावात ‘कागा’ही पुन्हा हजर झाली, अशी हकीकत त्याच आरमाराच्या अधिकाऱ्यांनी युद्धानंतर लिहून ठेवली आहे. पुढच्याच महिन्याच्या लढाईत ती दोन्ही जहाजे गेली, आणि आणखी दोन त्यांच्याबरोबर गेली. पटावर जहाज वर काढता येते. समुद्रातून येत नाही.

आम्ही आमच्या वडील स्नेह्यांस म्हटले की विश्वासरावांना वाचविण्याचा एक उपाय नियमातच आहे. त्यांना आघाडीवरून मागे घ्या. ते क्षणभर विचार करून म्हणाले, “मग हुजुरातीचा धीर एकाने उतरेल.” “उतरेल,” आम्ही म्हटले. त्यांनी बराच वेळ पटाकडे पाहिले आणि सोंगटी जेथे होती तेथेच ठेवली. दोनशे-अडीचशे वर्षांनंतर भाऊसाहेबांच्या आसनावर बसलेल्या माणसाने तोच निर्णय घेतला, आणि आता तो त्याचा स्वतःचा होता. आमच्या मते इतिहासाशी असे नाते जोडणे हे नुसत्या हळहळीपेक्षा अधिक मोलाचे आहे. हळहळ माणसास पूर्वजांपासून दूरच ठेवते. त्यांच्या पर्यायांपुढे बसल्याने तो त्यांच्या जवळ जातो.

याचा अर्थ खेळ म्हणजे इतिहास असा मुळीच नाही. पटावर कोणी उपाशी राहत नाही, कोणाची आई छावणीच्या मध्यभागी बसलेली नसते, आणि हरलेला खेळाडू चहा पिऊन घरी जातो. जखमी होऊनही शेवटपर्यंत झुंजलेल्या इब्राहिमखानास पकडून ठार मारण्यात आले, याची सोंगटी करता येत नाही, आणि करूही नये. शिवाय ‘असे झाले असते तर’ याचा पुरावा पट देऊ शकत नाही. आमच्या परतूरच्या डावात मराठे जिंकतात यावरून ते जिंकले असते असे सिद्ध होत नाही, कारण नियम आम्ही लिहिलेले आहेत. पट एवढेच करतो, की पुस्तकातील कोणते वाक्य भार सोसते आणि कोणते नुसते शोभेचे आहे, हे दाखवून देतो. ‘मराठे उपाशी होते’ हे वाक्य भार सोसते. ‘मराठे निकराने लढले’ हेही खरे आहे, पण त्याने सोंगटी एक घरही पुढे सरकत नाही.

आमच्या वाचकांपैकी बहुतेक आमच्यासारखेच सरकारी कामानिमित्त दूरदूरच्या गावी असतील. त्यांना सांगावेसे वाटते की अशी एखादी रणभूमी बहुधा आपल्याही जवळ असेल. दिल्लीकरांस पानिपत आहेच; शिवाय ११ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि लॉर्ड लेक यांची जी गाठ पडली ती भूमी आजच्या नोएडात आहे. भोपाळकरांस डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावांनी निजामास कोंडले तो प्रसंग आहे, आणि रसद तोडणे म्हणजे काय हे आपणच एकदा दुसऱ्यास शिकविले होते, हे तेथे समजेल. अलवरजवळ लासवारी, पाटण्याकडच्या मंडळींस बक्सर, कलकत्त्यास पलाशी. खर्च फारसा नाही. एक मोठा कागद, जुना पुठ्ठा, दोन फासे आणि वाचनालयातून आणलेली दोन परस्परविरोधी पुस्तके. एकाच पुस्तकावरून पट कधी मांडू नये. मतभेद असल्याखेरीज प्रश्न सुचत नाहीत.

आणि पट मांडताना पहिली सोंगटी ठेवण्यापूर्वी आरंभाची तारीख ठरवावी. ती शक्य तितकी मागे न्यावी. जेथवर मागे गेल्यावर आपल्या बाजूस खरा पर्याय सापडतो, तेथे थांबावे आणि कागदाच्या कोपऱ्यात ती तारीख लिहावी. अब्दालीसुद्धा पानिपत जिंकून मार्च १७६१ मध्ये परत गेला. दिल्ली त्याने राखली नाही. त्याच्याही पटाचा आरंभ कोठे तरी वेगळ्याच तारखेला असला पाहिजे. तो पट आम्ही अद्याप मांडलेला नाही. पुढील हिवाळ्यात मांडावयाचा विचार आहे.